चार नंबरचा पेशंट

शहरातल्या बहुतेक डॉक्टरांनी अल्झायमर पहिल्यांदा पाहिला तो पाणीपुरवठा खात्यातल्या एका निवृत्त कारकुनाच्या अंगात, आणि त्या कारकुनाला तो आजार झालेलाच नव्हता.

त्याचं असं होतं. मेडिकल कॉलेजच्या प्रॅक्टिकल परीक्षेला एका ओळीत खोल्या मांडलेल्या असायच्या आणि प्रत्येक खोलीत एकेक पेशंट. घंटा झाली की विद्यार्थी आत शिरायचा, प्रश्न विचारायचा, घाम पुसायचा आणि पुन्हा घंटा झाली की पुढच्या खोलीत पळायचा. पहिल्या खोलीत छाती धरलेला, दुसरीत खोकणारी, तिसरीत पोट दाबून बसलेला आणि चौथीत विसरणारा. सगळे खोटे. खऱ्या पेशंटला दिवसभर पोरांनी तेच तेच विचारलं तर तो रडतो तरी नाही तर मारायला तरी उठतो, म्हणून कॉलेज हौशी नटांना बोलवायचं. बाकीच्या खोल्यांतली माणसं बदलत गेली, पण चौथीतले गृहस्थ खुर्चीला चिकटले ते चिकटलेच. त्यांचं खरं नाव कॉलेजात कुणी विचारलं नाही. सगळे त्यांना ‘चार नंबर’ म्हणायचे आणि ते ओ द्यायचे.

नट म्हणून त्यांची आधीची कारकीर्द यथातथाच होती. आवाज खणखणीत, उभं राहणं रुबाबदार, मिशीसुद्धा नाटकातली वाटावी अशी. खोट एकच, वाक्य डोक्यात राहत नसे. हौशी मंडळाच्या नाटकांत ते राजा व्हायचे, वकील व्हायचे, खुनी व्हायचे, आणि दुसऱ्या अंकापर्यंत आपण नक्की कोण हेच त्यांना आठवेनासं व्हायचं. मग ते डावीकडे विंगेकडे मान वळवायचे. प्रेक्षकांना वाटायचं, बिचारा नशिबाचा विचार करतोय. विंगेत त्यांची बायको नाटकाच्या संहितेचं बाड घेऊन उभी असायची. ती आधी हळूच म्हणायची, “थांबा. आहे मी.” आणि मग वाक्य द्यायची. आधी ‘आहे मी’ म्हटलं नाही तर गडी घाबरायचा आणि दिलेलं वाक्यही सांडायचा, हे तिला अनुभवाने कळलं होतं. तिची ही कुजबुज पहिल्या दोन रांगांना छान ऐकू जायची. एकदा एका प्रेक्षकाने, “बाईंनाच पुढे आणा की!” असं ओरडून सुचवलंही होतं. पुढेपुढे तिला बाडाची गरजच राहिली नाही. सगळ्या नाटकांतली सगळ्यांची वाक्यं तिला तोंडपाठ होती.

तर ज्याला जन्मात एक पान पाठ झालं नाही त्याला कॉलेजने विसरायच्या कामावर नेमलं. कॉलेजने केलेली ही एकमेव अचूक नेमणूक असावी.

नेमणूक केली ती मेंदूविकार विभागाच्या प्रमुखांनी. त्यांना सगळे नुसतं ‘मॅडम’ म्हणायचे. नाकावर माशी बसू न देणाऱ्या. त्यांनी चार नंबरांना नीट समजावून सांगितलं होतं की आजाराची सुरुवात आहे, तारीख थोडी चुकवा, सांगितलेल्या तीन शब्दांतले दोन विसरा, एखादा प्रश्न पुन्हा विचारा, बाकी साधं वागा. पण हौशी नटाला साधं वागा म्हणणं म्हणजे पाण्याला वर चढ म्हणण्यासारखं. पहिल्या वर्षी ते साधे वागले. दुसऱ्या वर्षी शर्ट उलटा घालून आले. मग डाव्या पायातला बूट उजव्यात गेला. मग चष्मा कपाळावर चढवून तो खोलीभर शोधणं सुरू झालं. कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं की सगळे आकडे एका कोपऱ्यात कोंबायचे. आणि शेवटी तपासणाऱ्या मुलीला “आई!” म्हणून अशी आर्त हाक मारायची की तिच्या हातातून पेन पडायचं. मॅडम अधूनमधून म्हणायच्या, “जरा आवरा.” पण निकाल चांगला लागत होता, डीन खूश होते, आणि मॅडमना इतरही उद्योग होते. त्यांनी कानाडोळा केला.

विद्यार्थ्यांचं ज्ञान त्याआधी अगाधच होतं म्हणा. एकाने “वय झालं की व्हायचंच असं” म्हणून दोन मिनिटांत केस निकालात काढली होती. एक जण विसरणाऱ्याला बहिरा समजून शेवटपर्यंत ओरडत राहिला. एकाने काहीच सुचेना म्हणून गुडघ्यावर हातोडी मारली. आणि एका हुशार मुलाने गंभीर चेहऱ्याने विचारलं होतं, “आजोबा, आपण काय काय विसरलात ते जरा आठवून सांगता का?” पण चार नंबरांची कला जसजशी बहरली तसतसं सगळं सोपं झालं. सीनियर ज्युनियरला कानमंत्र द्यायचे की चौथ्या खोलीत गेल्यावर शर्टाची शिवण बघ, बाहेर दिसली की बिनधास्त अल्झायमर ठोकून दे. पोरं शिवण बघून पास झाली आणि त्यांनी शहरभर दवाखाने थाटले.

खरा आजार घरात आला तेव्हा तो शर्ट उलटा घालून आला नाही.

तो काकूंना झाला. कॉलेजातली पोरं चार नंबरांच्या बायकोला काकू म्हणायची, आपणही तेच म्हणू. काकू आयुष्यभर शिवणकाम करत आल्या होत्या. मशीनवर बसल्या की हात आपोआप चालायचे. एके दिवशी त्यांनी नवऱ्यासाठी नवा पायजमा शिवला. चार नंबरांनी तो घालायला घेतला, एक पाय आत घातला, दुसरा घातला आणि थेट कपाटावर जाऊन आदळले. पायजम्याचा एक पाय खाली शिवून बंद केलेला होता. काकू क्षणभर बघत राहिल्या, मग खुदकन हसल्या. “बरं झालं. आता बाहेर भटकणं बंद तुमचं.” चार नंबरही कपाळ चोळत हसले.

काकूंचं हे असंच चाललं होतं. काही चुकलं की त्यांच्याकडे एक फर्मास उत्तर तयार असायचं. इतक्या नाटकांची वाक्यं डोक्यात, कुठलं तरी बसायचंच. शेजारीण भेटायला आली आणि ती कोण ते कळेना, की काकू म्हणायच्या, “अगंबाई, किती बारीक झालीस!” शेजारीण खूश होऊन तासभर स्वतःबद्दल बोलायची. कोपऱ्यावरून दोऱ्याची गुंडी आणायला म्हणून गेल्या त्या अंधार पडायच्या बेताला एका अनोळखी बाईचा हात धरून परत आल्या आणि म्हणाल्या, “हवा छान होती, जरा लांबवर गेले.” मग एका दुपारी शेगडीवर रिकामं पातेलं जळून कोळसा झालं, घर धुराने भरलं आणि काकू शेजारच्याच खोलीत शांतपणे सुईत दोरा ओवत बसलेल्या सापडल्या. त्या वेळी त्यांनी काहीच विनोद केला नाही. त्यांनी विचारलं, “कसला वास येतोय हो?”

चार नंबरांची पाचावर धारण बसली. त्यांनी परगावच्या मुलीला फोन लावला. मुलगी आईशी दहा मिनिटं बोलली. फोनवर दहा मिनिटं काकूंना कुणी हरवू शकत नसे. मुलगी नंतर म्हणाली, “बाबा, आई तर एकदम मजेत आहे. तुमचाच आवाज थकलेला वाटतोय. झोपता ना नीट?”

आता चार नंबरांना एकच गोष्ट हवी होती. कुणीतरी डॉक्टरने हिला तपासून सांगावं की हो, आहे. मग मुलगी येईल, औषधपाणी सुरू होईल, पुढे काय करायचं ते कुणी तरी सांगेल. त्यांना भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा जास्त एकटं वाटत होतं. घरात हे फक्त त्यांना माहीत होतं. जिला ते सगळं सांगायचे तिलाच हे सांगता येत नव्हतं.

ते काकूंना घेऊन चौकातल्या दवाखान्यात गेले. डॉक्टर त्यांच्याच खोलीतून पास झालेला, आता चांगला गुबगुबीत. “चार नंबर काका!” तो खुर्चीतून उठलाच. “सिस्टर, हे बघा, यांच्यामुळे मी डॉक्टर झालो!” मग त्याने काकूंकडे पाहिलं. केस नीट विंचरलेले, कपडे इस्त्रीचे, चपला ज्या त्या पायात. “काकू तर एकदम टकाटक आहेत. बरं काकू, सांगा बघू, आज वार कोणता?”

“तुमच्याकडे यायचं म्हणून सकाळपासून नुसती धावपळ. वार बघायला वेळ कुणाला?” काकू हसल्या आणि त्यांनी हळूच नवऱ्याकडे मान वळवली.

“बुधवार,” चार नंबर ओठ न हलवता पुटपुटले.

“बुधवार,” काकू म्हणाल्या.

आपण काय केलं हे चार नंबरांच्या ध्यानातही आलं नाही. समोर कुणी बोलता बोलता थांबलं की त्यांना राहवायचं नाही. रंगमंचावर इतक्या वेळा गप्प उभे राहिले होते ते, ती शांतता काय असते ते त्यांना ठाऊक होतं. डॉक्टरने चेंडू, आरसा आणि शिडी असे तीन शब्द लक्षात ठेवायला दिले. थोड्या वेळाने ते पुन्हा विचारले तेव्हा काकू म्हणाल्या, “इश्श, लहान मुलीसारखं काय खेळवताय मला!” आणि मान पुन्हा वळली. डॉक्टर तेव्हा फोनवर कुणाला तरी गोळ्या सांगत होता. चार नंबरांनी हवेत टप्पे मारले, मिशीवरून हात फिरवून आरशात बघितल्यासारखं केलं आणि खुर्चीतल्या खुर्चीत शिडी चढून दाखवली. काकूंना तिन्ही शब्द आले.

“छान!” डॉक्टर फोन ठेवत म्हणाला. “काका, हिशेब सोपा आहे. काकूंनी कधी शर्ट उलटा घातला? चष्मा कपाळावर ठेवून शोधला? मला आई म्हणाल्या?”

“नाही, पण पातेलं...”

“पातेलं माझ्या बायकोचंही जळतं. अहो, अल्झायमर कसा असतो ते मी कुणाकडून शिकलो? तुमच्याकडून! भूमिका अंगात भिनली बघा तुमच्या.” त्याने काकूंना जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि चार नंबरांना विश्रांती सांगितली.

दुसरा डॉक्टर जरा बरा. त्याने निदान रक्त तपासायला पाठवलं, थायरॉइड बघितलं. सगळं ठीक निघालं. मग तोही काकूंच्या गप्पांत रमला, त्यानेही शिवण शोधली आणि “वयाच्या मानाने उत्तम” म्हणून पाठवणी केली. परतताना काकूंनी रस्त्यात विचारलं, “आपण कुणाकडे गेलो होतो?” थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. चार नंबरांनी दोन्ही वेळा नीट उत्तर दिलं आणि मनातल्या मनात स्वतःला अशा काही शिव्या हासडल्या की त्या इथे छापता येणार नाहीत. शहरभरच्या डॉक्टरांना आपण भलताच आजार शिकवून ठेवला होता.

परीक्षेचा दिवस आला. काकूंना शेजारणीकडे बसवून चार नंबर कॉलेजात गेले, पण या वेळी शर्ट सुलटा, बूट जागच्या जागी आणि चष्मा डोळ्यांवर. ते चौथ्या खोलीत बसले, हात मांडीवर जुळवले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी अभिनय केला. त्यांनी काकू केल्या.

पहिला विद्यार्थी आत आला, शर्टाकडे बघून गडबडला. “आजोबा, काय त्रास होतोय?”

“मला कसला त्रास? मुलगी म्हणाली जाऊन या, म्हणून आलो. तुम्ही जेवलात का? चेहरा किती उतरलाय!”

सकाळपासून उपाशी असलेल्या त्या पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने तारीख विचारली. चार नंबर गोड हसले, म्हणाले, “तारखा तुम्हा तरुण मंडळींना, आम्हाला रोज रविवार,” आणि डावीकडच्या कोऱ्या भिंतीकडे मान वळवून पाहिलं. पोरानेही हसून पुढचा प्रश्न घेतला. घड्याळ काढायला सांगितलं तेव्हा चार नंबर म्हणाले, “माझं अक्षर कसलं मेलं घाणेरडं! तुम्हीच काढा छानसं.” आणि पोराने काढलं. नुसतं काढलं नाही, तर पेशंटचं घड्याळ अचूक म्हणून नोंदही केली.

दिवसभर हेच. कुणी म्हणालं तब्येत उत्तम, कुणी म्हणालं थोडं एकटेपण आहे, एकाने मुलीला भेटायला बोलवा असा प्रेमळ सल्ला दिला. एक जण तर उठून मागे आला आणि कॉलर उलटवून शिवण तपासून गेला. अल्झायमर कुणालाच सापडला नाही. फक्त एक मुलगी, बोलायला जरा बुजरी, घंटा झाल्यावर दारात अडखळली आणि म्हणाली, “आजोबा, तुम्ही त्या भिंतीकडे सारखं का बघता?” उत्तर मिळायच्या आत तिला पुढच्या खोलीत पिटाळण्यात आलं.

संध्याकाळी मॅडम वादळासारख्या आत आल्या. “काय चाललंय हे? अख्खी बॅच आडवी झालीय! आज काहीच केलं नाहीत तुम्ही!”

“आज सांगितलं होतंत तेवढंच केलं, मॅडम. तारीख चुकवली, शब्द विसरलो, तेच तेच विचारलं. बाकी साधा वागलो.”

मॅडमनी हातातल्या उत्तरपत्रिकांवर नजर टाकली. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, “एक मुलगी सांगत होती, तुम्ही भिंतीकडे बघत होतात. भिंतीकडे का?”

“तिथे मी असतो,” चार नंबर म्हणाले.

मॅडम विद्यार्थ्याच्या खुर्चीवर बसल्या. काकूंचं काय काय चाललंय आणि कुणी कुणी तपासलं, ते सगळं त्यांनी विचारून घेतलं. “काकूंना घेऊन या,” त्या शेवटी म्हणाल्या. “उद्याच.”

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या खोलीत भिंतीला लागून शिकाऊ डॉक्टर बसले होते, त्यांत ती बुजरी मुलगीही होती. यांनी बसलेलं चालेल का, असं मॅडमनी काकूंना विचारलं. “बसू द्या की,” काकू म्हणाल्या. “प्रेक्षक नसले तर मजा काय?” मॅडमनी चार नंबरांना काकूंच्या डाव्या हाताला, जरा मागे बसवलं.

“आणि तुम्ही तोंडातून हूं की चूं काढायचं नाही. खोकायचं नाही. हात हलवायचे नाहीत.”

“मी कुठे काय करतो, मॅडम?”

“आजवर ज्यांनी यांना तपासलं ना, त्यांनी तुम्हाला तपासलंय,” मॅडम म्हणाल्या. “तुम्हीच पास झालात. यांची तपासणी अजून व्हायचीय.”

चार नंबर चपापले. टप्पे मारलेला चेंडू आणि बसल्या जागी चढलेली शिडी त्यांना एकदम आठवली. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

मॅडमनी वार विचारला. काकू हसल्या, धावपळीचं वाक्य आलं, मान डावीकडे वळली. “शुक्र...” चार नंबरांच्या तोंडून निसटलंच. मॅडमनी नुसतं पाहिलं. चार नंबरांनी जीभ चावली. मॅडमनी तीन शब्द दिले, मग इकडचं तिकडचं बोलल्या, शिवणाच्या मशीनबद्दल विचारलं, आणि मग म्हणाल्या, “मघाशी मी तीन शब्द सांगितले होते. कुठले बरं?”

“इश्श, लहान मुलीसारखं...” काकूंनी सुरू केलं. पण मॅडम हसल्या नाहीत, फोनही वाजला नाही. कुणीच मदतीला आलं नाही. वाक्य अर्ध्यातच संपलं आणि खोलीत ती रंगमंचावरची शांतता पसरली.

चार नंबरांना तिन्ही शब्द पाठ होते. जन्मात काही पाठ झालं नाही, आणि आज नेमके हे झाले. दिले तर ही पास होणार आणि त्या शेगडीपाशी परत जाणार. नाही दिले तर या सगळ्या पोरांसमोर तोंडघशी पडणार. आणि इतक्या वर्षांत हिने त्यांना एकदाही पडू दिलं नव्हतं. त्यांना ओरडावंसं वाटलं. त्यांनी दात आवळले.

काकूंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. ही नजर चार नंबरांनी कधी पाहिली नव्हती, कारण ती आजवर त्यांचीच होती आणि विंगेतून फक्त काकूंना दिसायची. ते बघत राहिले. डोळे भरून आले, पण शब्द त्यांनी दिला नाही.

काकू त्यांच्याकडे निरखून बघू लागल्या. हळूहळू त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावरचा गोंधळ ओसरला. एवढा मोठा मिशीवाला माणूस, तोंड मिटून बसलाय, डोळ्यांत पाणी, घामाने डबडबलाय, समोर प्रेक्षक बसलेत. हे काय झालंय ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्या त्यांच्या बाजूला झुकल्या, तोंडाशी हात आडवा धरला आणि पहिल्या दोन रांगांना ऐकू जाईल अशा त्या जुन्या आवाजात कुजबुजल्या, “थांबा. आहे मी.”

बुजऱ्या मुलीचं पेन थांबलं. मॅडमनी चष्मा काढून हातात घेतला.

काकूंचे ओठ हलत होते. चार नंबर मान वळवून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, वाक्य येईल म्हणून.